चौघं सरळ धावतात तेव्हा

कोल्बीने फेकलेला चेंडू वाऱ्यावर भरकटला आणि थेट माझ्या कॅमेऱ्यावर आदळला. पश्चिम टेक्सासच्या आमच्या छोट्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलच्या सरावाचं चित्रीकरण मी करायचे, उंच मचाणावरून.

"सॉरी, मॅडम! वारा फार आहे!"

"मॅडम नाही, ओडेट. आणि दोष वाऱ्याचा नाही, तुझ्या डोळ्यांचा आहे."

मुख्य क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं, मनगट मोडलं होतं. शनिवारचा शेवटचा सामना आता राखीव कोल्बीवर होता. पण कोच हॅनवेंनी बजावलं होतं, "लांब फेकायचं नाही. तुला झेपणार नाही."

संध्याकाळी मी त्याला चित्रफीत दाखवली. "हे बघ, आपले चौघं सरळ शेवटच्या रेषेकडे सुसाट धावतात. मागे राखायला समोरच्या संघाचे दोघंच. म्हणजे एकेकावर दोन-दोन ओझी. पण तू बघतोस तिकडेच राखणारा पळतो."

"मग बघू कुठे?"

"बाहेरून धावणाऱ्याकडे. राखणारा तिकडे सरकला, की आतल्याला फेक."

"खोटं बघणं मला जमत नाही…" तो म्हणाला. पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत.

मी उगाचच चित्रफीत मागे नेली.

रोज पहाटे राखणाऱ्याच्या जागी मी उभी राहायचे. तीन दिवस तो कुठे फेकणार ते अचूक ओळखलं. चौथ्या दिवशी मी डावीकडे धावले — आणि चेंडू उजवीकडे गेला!

तडक कोचकडे गेले. "याला एकदा तरी लांब फेकू द्या."

"पोरी, तू कॅमेरा सांभाळ."

"तेच करतेय. हे बघा." पहाटेचं चित्रीकरण त्यांच्यासमोर लावलं. त्यांनी ते दोनदा बघितलं. "मी चार बोटं वर केली, की चौघं सरळ," ते म्हणाले.

शनिवारी आम्ही चार गुणांनी मागे, चाळीस सेकंद उरलेले. कोचनी चार बोटं वर केली. पहिला चेंडू वाया गेला, कोल्बी दोघांखाली चिरडला. उठला. पुन्हा चौघं धावले. त्याने बाहेर बघितलं, राखणारा सरकला… आणि मधून धावणाऱ्या आइकने चेंडू कवेत घेऊन रेषा ओलांडली. सहा गुण, सामना आमचा!

कोल्बी धापा टाकत मचाणावर चढला. "ओडेट, मला… म्हणजे —"

"तू मला आवडतोस," मीच म्हणून टाकलं.

"अगं, तेच सांगायला एवढं चढलो ना! आता मी काय सांगू?"

"तेच सांग. मला ऐकायचंय."

खाली बँडचा नुसता कल्लोळ. एकही शब्द चुकू नये म्हणून मी कान त्याच्या ओठांशी नेला.