हा मुद्दा नंतर घेऊ

उधन्याच्या समाज हॉलमध्ये त्या रविवारी वर कुणाच्या तरी साखरपुड्याचं जेवण होतं आणि खाली वस्तीतल्या मंडळाची बैठक. ललित निघाला होता जेवायला, पण शिरला चुकीच्या दारातून. फळ्यापाशी उभी राहून बैठक चालवणारी चैताली त्याच्याकडे बघून हसली.

"या ना, उशीर झाला तरी चालतं. बसा इथं."

आता कुणी असं हसून बसा म्हटल्यावर माणूस बसणारच की! चर्चा होती मुलांच्या अभ्यासिकेच्या वेळेची. पाचच मिनिटांत चैतालीनं त्यालाच विचारलं, "तुमचं काय मत?"

"माझं? मी... साखरपुड्याला आलोय."

असा हशा पिकला म्हणून सांगू! ललितचे कान लाल झाले, पण गडी बोलला. "रात्रपाळी करून बाप दिवसा झोपतो. एका खोलीत पोरांनी अभ्यास करायचा कुठं? सकाळीही उघडा ना अभ्यासिका." बमरोलीच्या कापड मिलमध्ये लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा तो, त्याला हे ठाऊक असणारच. सगळ्यांना पटलं. सकाळची किल्ली त्याच्याच गळ्यात पडली आणि वरचं जेवण मात्र हुकलं.

मग तो दर रविवारी यायला लागला. अभ्यासिकेसाठीच हं! आणि बघत बसायचा चैतालीकडे. मंडळातले धुडकू आप्पा पुस्तकांवरून सुरू व्हायचे ते थेट धरणगावच्या केळीवर पोचायचे, पुष्पाबाईंची गाडी कुठूनही निघाली तरी सुनेवर येऊन थांबायची. चैताली कुणाला तोडायची नाही. "आप्पा, लाखमोलाचं बोललात. हा मुद्दा नंतर घेऊ हं," म्हणायची आणि फळ्याच्या कोपऱ्यात खरंच लिहून ठेवायची. शेवटच्या दहा मिनिटांत एकेक मुद्दा घ्यायचीही. म्हणून कुणी रुसायचं नाही.

"चैताली, एक विचारू?" एकदा हॉलबाहेरच्या गाडीवर डाळीचा वाफाळता लोचो खाता खाता ललित म्हणाला.

"सगळे मला चैतालीताई म्हणतात."

"म्हणू देत. माझ्याच्यानं नाही व्हायचं ते."

"का बरं?"

"ते... तुम्हालाच कळेल." आणि तो उगाचच चटणी घ्यायला उठला. चैतालीला पुढचा घास गोड लागला की तिखट, देव जाणे.

असे चार महिने गेले. एका रविवारी बैठक संपली, खुर्च्यांचा खडखडाट चालू होता. एका बाजूनं आप्पा, दुसऱ्या बाजूनं पुष्पाबाई, आणि मध्ये चैताली. तेवढ्यात ललित पुढ्यात आला.

"पुढच्या रविवारी घरचे मला अमळनेरला मुलगी बघायला नेतायत. तुम्ही म्हणालात तर — नाही जाणार. मला तुम्ही..."

"चांगला मुद्दा आहे हो, नंतर घेऊ," चैताली बोलून गेली.

जीभ मेली सवयीची गुलाम! आपण काय बोललो ते कळेपर्यंत ललित "बरं" म्हणून निघून गेला होता. ती फाटकापर्यंत धावली, पण बाईक दिसेना. फोन वाजत राहिला. रात्री मेसेज आला, 'तुम्ही न दुखावता नकार दिलात, आभार. मनात ठेवू नका.' तसं नाही हो, असं तिनं दहादा लिहिलं आणि दहादा पुसलं. एवढ्याशा ओळीत मावेल का हे? आठवडाभर तिला जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी अभ्यासिकेच्या पंख्यांवर चर्चा रंगली असताना ललित आला. खांद्यावर बॅग. त्यानं किल्ली आप्पांसमोर ठेवली.

"दोन दिवस नाहीये मी. गाडीची वेळ झालीय."

"थांबा!" चैताली म्हणाली. सगळ्या माना वळल्या. "मला बोलायचंय... पंख्यांबद्दल. पंखे दोन घ्यावेत. आणि... माणूस घाईत काहीतरी बोलून जातो, त्याचा अर्थ तो नसतो..."

"माय, तू काय सांगी ऱ्हायनी?" आप्पा गोंधळले. "पंखा कुठला, माणूस कुठला?"

"आप्पा, तुम्ही गप बसा जरा," पुष्पाबाई म्हणाल्या. "बोल गं पोरी, बोल."

चैतालीनं हातातला खडू खाली ठेवला. "ललित, अमळनेरला जाऊ नका. मी नंतर म्हणाले ते सवयीनं, मनापासून नाही. मला तुम्ही आवडता. खूप आवडता."

ललितनं बॅग खाली ठेवली, परत उचलली.

"पण... आई स्टेशनवर वाट बघतेय," तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना.

"मग चला, मी सांगते त्यांना!"

बैठक अर्धी टाकून चैताली निघाली. अशी पहिल्यांदाच. उधना स्टेशनच्या बाकावर ललितची आई, काशीबाई, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बैठकीत वीस तोंडं सांभाळणारी ही पोर त्यांच्यासमोर मात्र पार अडखळली.

"मावशी, मी चैताली. यांना अमळनेरला... म्हणजे चूक माझीच..."

काशीबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग लेकाकडे वळल्या. "चार महिने तोंडात हिचं नाव, आणि मुलगी बघायला निघालास अमळनेरला? त्या लोकांची माफी मागते मी फोनवर. तू जा, तिकिटं रद्द करून ये."

ललित पळाला. काशीबाई बाकावर सरकल्या आणि बाजूची जागा हातानं पुसली.

"बस गं इथं. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तू."