उपाशी बोटुकली

“मासोळीला दुखतं का?”

प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणीनं, धुरपतानं, पैज लावली होती — बारावीच्या वर्गात कुणाशीच न बोलणाऱ्या मुंजाजीला हे विचारून दाखवायचं. आम्ही लिंगायत, घरात मासोळीचं नावसुद्धा निघत नाही; तो भोयाचा, येलदरी धरणाखालच्या मच्छीमार सोसायटीच्या तळ्यांवर वाढलेला. मैत्रिणी हसायला टपलेल्या. पण यंदा कुणाला भ्यायचं नाही असं मी ठरवलेलं, म्हणून सरळ त्याच्या बाकापुढे जाऊन उभी राहिले.

तो हसला नाही. पेनाला टोपण लावलं, मग वर बघितलं...

“दुखतं. पण तुला कशाला पाहिजे, महानंदा? तुमी तर खात न्हाई.”

“खात न्हाई म्हणूनच विचारायलेय.”

“मग तळ्यावर ये. दाखवतो.”

मागचं खिदळणं थांबलं. पैज मी जिंकले होते, आणि कान मात्र माझेच तापले होते.

श्रावणभर मी शिकवणीचं नाव सांगून तळ्यावर गेले. आभाळ कायम खाली आलेलं, पाण्याचा रंग शिशासारखा. बोटाएवढी पिल्लं — बोटुकली — पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून एसटीनं गंगाखेडकडे जायची. सोसायटीचे सेक्रेटरी दिनकरराव एका पिशवीत हजार कोंबायचे. निम्मी वाटेतच तोंड वासून मरायची.

“प्राण्यांना छळू नये म्हणून जो कायदा हाय, त्यात माणूस सोडून सगळे सजीव प्राणी आलेत,” मुंजाजी सांगायचा. “मासोळीबी त्यात बसती. पण गाडीतून न्यायचे नियम काढले ते बैलांचे, घोड्यांचे, शेळ्यांचे. माकडाचेसुद्धा हायेत. मासोळीचं नाव कुठंच न्हाई.”

“मग तू काढ नियम.”

“मी कोण?”

“सोसायटीपुरता काढ. अर्ज मी लिहिते, अक्षर तुझं लय वाईट हाय.”

“आणि सही?”

“तुझी. माझं नाव तिथं कसं चालंल...”

तो माझ्या बोटांवरच्या शाईकडे बघत राहिला. मी हात ओढणीत लपवला — उगीच.

अर्ज एवढाच होता: एका पिशवीत पाचशेच्या वर नकोत. दिनकरराव हसले, पण म्हणाले, “एक खेप तुझ्या मनासारखी नेऊ. जिती पोचली तर मिटिंगमधी नियम करू. न्हाई पोचली तर पुन्हा तळ्यावर पाय ठेवायचा न्हाई.”

खेपेच्या आदल्या दिवशी मी गेले तेव्हा सगळी बोटुकली तळ्यात बांधलेल्या कापडी झोळीत कोंडलेली होती. कडेला तोंडं लावून फिरत होती.

“कालपासून उपाशी हायेत,” मुंजाजी म्हणाला.

“तू उपाशी ठेवलंस? तूच?”

“त्याचं असं हाय—” एवढ्यात दिनकररावांनी त्याला हाक मारली. तो गेला.

आमच्या दुकानातली भुईमुगाची पेंड माझ्या पिशवीत होती. तळ्यावर येताना रोज आणायचे. मला राहवलं नाही. दोन मुठी टाकल्या. केवढी झुंबड उडाली... मी आनंदानं घरी गेले.

पिशव्या गंगाखेडला उघडल्या तेव्हा पाणी गढूळ, घाण, आणि वर पांढरी पोटं. एकही जितं नव्हतं. नेण्याआधी पोट रिकामं करावं लागतं, नाहीतर कोंडलेल्या पाण्यात त्यांच्याच घाणीनं ती मरतात — हे मला मुंजाजीच्या बहिणीकडून कळलं. आणि हेही, की त्यानं सगळ्यांपुढं सांगितलं होतं, “पेंड मीच चारली. चुकून.”

मी धावत तळ्यावर गेले. तो फाटकाबाहेर दगडावर बसला होता. भुरभुर पाऊस त्याच्या केसांवर तसाच साचत होता.

“खेप गेल्यावर झोळी धुतली, तवा पेंडीचा वास आला,” तो म्हणाला. “येलदरीत पेंड घेऊन तळ्यावर येणारी एकच हाय.”

“मग माझं नाव का न्हाई सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू इथं येत होतीस हेबी सांगावं लागलं असतं.”

“आणि तुझा नियम?”

“राहू दे.” त्यानं फाटकातून तळ्याकडे बघितलं. “तू यायचीस... तेवढं बास झालं मला.”

मला बोलायचं होतं. मी फक्त त्याच्या केसांवरचं पाणी ओढणीच्या टोकानं टिपलं, आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

घरी दिवेलागण झाली होती. आप्पा लिंगपूजा उरकून उठले होते, आई ताटं मांडत होती. गल्लीतल्या एका मुलीला याच आप्पांनी नावं ठेवली होती — मुलांच्या नादी लागली, शाळा सोडवावी. मला ते आठवत होतं. तरीही मी उंबऱ्यातच थांबले.

“आप्पा, उद्या सोसायटीची मिटिंग हाय. मी जाणार हाय.”

“भोयांच्या मिटिंगला? तुझं काय काम तिथं?”

आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

“ती खेप माझ्यामुळं मेली. पेंड मी टाकली, आपल्या दुकानातली. एक खेप पुन्हा नेऊन बघा, असं सांगणार हाय. आणि तू तळ्यावर कशाला जायचीस असं कुणी विचारलं... तर तेबी सांगणार हाय. तुमाला आधी कळावं म्हणून बोलले.”