एका नावाची दोन खोकी

श्रावण संपत आला होता. मरोळच्या त्या छोट्या ऑफिसात नंदकिशोर परब शिरला तेव्हा तो नखशिखांत भिजलेला होता, पण शर्टाखाली काहीतरी चौकोनी छातीशी धरलेलं होतं. टेलेक्सवरून मान वर करून अनुपमा बघतच राहिली.

"बाळ आहे का?"

"त्याहून नाजूक." त्यानं ॲल्युमिनियमचं एक खोकं टेबलावर अलगद ठेवलं – अगदी कोरडं.

घाटकोपरच्या एका धर्मादाय इस्पितळाला परदेशातून ॲम्ब्युलन्स भेट मिळाली होती. नंदकिशोर तिथला इलेक्ट्रिशियन. इंजिनाला पेट्रोल किती सोडायचं हे ठरवणारं ते खोकं जळलं, त्यावरचा नंबरही गेला, आणि गाडी आवारात उभी राहिली. परदेशी गाड्यांचे असे भाग मागवून देणं हेच अनुपमाच्या ऑफिसचं काम.

"नाव काय टाकू याचं?"

"तीच तर पंचाईत आहे. गाडीच्या पुस्तकात कंट्रोल युनिट, कॅटलॉगात ईसीयू. आमचे ट्रस्टी कॉम्प्युटर म्हणतात, ड्रायव्हर म्हणतो मेंदू."

"आणि तुम्ही?"

"मी नाव घेत नाही... लाजतो."

ती हसली. तिच्या गालावरची खळी तो पाहत होता, हे तिलाही कळत होतं. हसतहसतच तिनं ऑर्डर टाइप केली – ईसीयू.

मग तो चौकशीला येऊ लागला. फोनवर भागलं असतं, पण यायचा. दिवाळीपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं. बस स्टॉपवर शेंगांची एकच पुडी दोघांत, आणि चार बस सोडून दिलेल्या.

"कोण गं हा?" दोघांना बस स्टॉपवर पाहून आलेल्या अण्णांनी, तिच्या वडिलांनी, एकदा विचारलं.

"एका पार्सलची वाट बघतोय."

"मग ते उशिरा आलेलंच बरं दिसतंय," अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणाले.

पार्सल डिसेंबरात आलं. तिनं स्वतः ते घाटकोपरला नेऊन दिलं. खोक्याबरोबर त्यानं तिची बोटंही क्षणभर धरून ठेवली.

"आज गाडी सुरू करतो. उद्या अण्णांना भेटायला येतो... येऊ ना?"

"ये ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा छातीवर हात दाबून कोसळले. शेजारच्या माणिकमावशींच्या फोनवरून तिनं इस्पितळाचा नंबर फिरवला. उचलला त्यानंच.

"नंदू, गाडी पाठव. अण्णा..."



"अनु, गाडी सुरू नाही झाली. ते खोकं ब्रेकचं निघालं. इंजिनाचं असतं तसं ब्रेकचंही असतं, आणि त्यालाही ईसीयूच म्हणतात. तू टॅक्सी कर. लगेच निघ."

टॅक्सी मिळाली, पण आग्रा रोडवर ट्रकांच्या मागे अडकली. इस्पितळाच्या फाटकात तो स्ट्रेचर घेऊन उभा होता. अण्णांना त्यानंच उतरवून घेतलं. हात लागताच त्याला कळलं. ती मात्र "सावकाश, सावकाश" म्हणत राहिली.

दिवस-कार्य उरकल्यावर तो घरी आला.

"कशाचं ईसीयू, ते मी सांगायला हवं होतं."

"मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "मी तुझ्याकडे बघत होते."



"मी येत जाऊ नको का, अनु?"

"तू समोर आलास की तो फोन ऐकू येतो मला." ती म्हणाली. "आणि तू आला नाहीस की... कुणाशीच बोलावंसं वाटत नाही."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर. सांगायची ही वेळ नाही, कळतं मला."

"माझंही आहे. पण मला हसता नाही येणार रे... बरेच दिवस."

"नको हसूस."

आई चहा घेऊन बाहेर आली. त्याच्यापुढे कप ठेवून तिथंच उभी राहिली.

"परब ना तुम्ही? तुम्ही येणार म्हणून हे त्या दिवशी पहाटेच उठले होते. दाढी केली, इस्त्रीचा सदरा काढून ठेवला."

नंदकिशोरला कप उचलवेना. अनुपमानं तो उचलून त्याच्या हातात दिला, आणि आईसमोरच आपला हात त्याच्या हातावर तसाच राहू दिला.