चार बोटं पाणी

वडनाळमध्ये घर बांधायचं तर आधी नदीला विचारावं लागे. खऱ्या नदीला नव्हे, जुळ्या नदीला. पंचायतीच्या माडीवर एका लांबलचक काचेच्या टेबलात ती वाहत असे. कृष्णेचं पात्र, दोन्ही काठ, प्रत्येक घर, गोठा, बांध, सारं जसंच्या तसं त्यात उतरवलेलं. आपलं नवं घर त्यात ठेवलं, की यंत्र आजवरचे सगळे पूर त्यावरून सोडून बघायचं आणि या घराने अडवलेलं पाणी कुठे जाईल ते सांगायचं. 'पलीकडे कुठेतरी' असं मोघम नाही; कोणाच्या उंबऱ्याला, किती बोटं.

हर्षदाताईंनी घर ठेवलं आणि पलीकडे तळेसरात एक उंबरा लाल झाला.

"चार बोटं," इरा मगदूम म्हणाली. जुळी नदी सांभाळणारी ही जलशास्त्रज्ञ ताईंच्या नातीच्या वयाची होती. "ओंकार चौगुले. ओळखीचे आहेत का?"

"धाकटा भाऊ माझा. ते माझं माहेर आहे, बाळ."

इराने टेबलावरचा हात काढून घेतला.

"पण इतकंसं माझं घर," ताई म्हणाल्या, "त्यानं एवढ्या मोठ्या नदीला काय होणार?"

"भरल्या बादलीत वीट टाकली की पाणी वर येतंच. त्यात तुमची जागा नेमकी वळणावर. इथे भराव पडला की लोंढा समोरच्या काठावर रेटला जातो. हे पूर्वीही होत होतंच, आजी. फक्त कोणाच्या विटेचं पाणी कोणाच्या दारात गेलं, ते कळत नव्हतं."

"मग खांबांवर बांधते. तळेसरात बांधतात तसं, खालून पाणी वाहू देऊन."

"इथे ते मंजूर नाही. वडनाळचा नियम भरीव जोत्याचा. भराव टाका, पूररेषेच्या वर या. शेजारच्या गावाचं काय होतं ते फक्त दाखवायचं, अडवायचं नाही. तळेसरात उलटं. तिथे मातीची पाटीसुद्धा टाकता येत नाही. जुनी घरं राहू दिलीत, पण ज्या पुरात उंबरा भिजेल, त्या पुरानंतर घर पाडायचं."

नदी एक आणि शहाणपणं दोन. मधल्या मध्ये माणसानं काय करावं, हे कुठल्याच नियमात नव्हतं. गेल्या मोठ्या पुरात ओंकारच्या उंबऱ्याखाली पाणी तीन बोटांवर थांबलं होतं. तीन आणि चारचा हिशेब कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ताई घरी आल्या. त्यांचे यजमान बाळासाहेब खाटेवरच होते. अर्धांगवायू झाल्यापासून दर पुरात त्यांना चौघांनी उचलून शाळेत न्यायचं, आणि त्या ताठ स्वभावाच्या माणसानं डोळे मिटून घ्यायचे. ते मिटलेले डोळे ताईंना बघवत नसत.

पूर्वी पूर म्हणजे काय मजा होती. पाणी अंगणात आलं की गुऱ्हाळातली काहील, गूळ शिजवायची ती भलीमोठी कढई, होडीसारखी गल्लीत यायची आणि तिच्यात ओंकार बसलेला असायचा. "चल गं ताई, पूरमाहेराला," म्हणायचा. वडनाळच्या सुना पुरात माहेरी जायच्या, त्याला सगळे पूरमाहेरच म्हणायचे. पुलापर्यंत काहिलीतून, पुढं चालत. तिथं त्याच उंबऱ्यावर बसून आई गरम भाकरी वाढायची आणि समोर पाणी बघत सगळे हसत बसायचे. पाण्याचा राग कुणालाच येत नसे, कारण ते कुणाचंच नव्हतं. कृष्णामाईचं होतं.

फारच चढलं तर आई नदीची ओटी भरायला जायची. हिरवा खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडायचे आणि म्हणायचं, "बाई, बघितलंस आमचं घर, आता माघारी फिर." मग पाठ फिरवून घरी यायचं. मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर नदी मागोमाग येते. लहानपणी हर्षदानं एकदा बघितलं होतं, तर आईनं असा धपाटा घातला होता की आठवून अजून हसू येई.

ताईंनी भाऊबिजेला ओंकारला सगळं सांगितलं. तो सुपारी कातरत होता. कातरता कातरताच म्हणाला, "बांध ताई. दाजींचे हाल मला बघवत नाहीत." जेवायला वाढत होती ती स्वप्नाली, त्याची बायको. तिनं ताईंचं ताट भरभरून वाढलं.

घर झालं. पुढच्याच श्रावणात पाणी आलं. उंच जोत्याभोवती चहूबाजूंनी पाणी, आणि आत बाळासाहेब आपल्या खाटेवर कोरडे, उशीला टेकून चहा पीत होते. किती वर्षांनी ते पुराच्या दिवशी डोळे उघडे ठेवून होते. ताईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

दुपारी गल्लीतून काहील आली. ताई धावत पायऱ्यांपर्यंत गेल्या. काहिलीत ओंकार नव्हता. स्वप्नाली होती, आणि तळेसरच्या दोघी.

"पाणी कुठवर आलं?"

"एक बोट राहिलंय, वन्सं. हे उंबऱ्यावर बसलेत. उठतच नाहीत. तुम्ही जरा पाटावर बसा."

हे काय, असं म्हणेपर्यंत तिनं पाट मांडला. ताई बसल्या. स्वप्नालीनं हळदकुंकू लावलं आणि त्यांच्या पदरात हिरवा खण, नारळ, तांदूळ घातले.

"अगं, ही तर नदीची ओटी."

"पूर्वी नदीची भरायचो," स्वप्नाली शांतपणे म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आता सगळ्यांनी टेबलात बघितलंय. हे पाणी तिचं नाही, तुमचं आहे. मग तिला कशाला विनवायचं?"

तिनं वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांत ताईंना कधी अगंतुगं न करणारी स्वप्नाली हात जोडून म्हणाली, "बाई, बघितलंस आमचं घर, आता माघारी फिर."

भराव उपसता येत नव्हता, आत बाळासाहेब हाक मारत होते, कोण आलंय म्हणून. पदरातला नारळ ताईंनी दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"स्वप्ना, थांब. चहा तरी घे. स्वप्ना."

तिघी काहिलीत बसल्या. ताई हाका मारत राहिल्या. काहील गल्लीच्या वळणापर्यंत गेली, पण तिघींतल्या एकीनंही मागं वळून बघितलं नाही.