उसनी मान

नागुमो यंत्रकुत्रे दुरुस्त करत असे. कारखान्याने सुटे भाग बनवणं कधीच सोडलं होतं, त्यामुळे एकाला उठवायचं तर कायमच्या निजलेल्या दुसऱ्याचं अंग उघडावं लागे. त्याआधी त्याला देवळात न्यायचं, सोबत आलेलं मालकाचं पत्र वाचायचं, आभार मानायचे. मगच स्क्रू फिरवायचा. अठरा वर्षांत हा नेम त्याने एकदाच मोडला, वाकुईबाईंसाठी.

एक्क्याऐंशी वर्षांच्या बाई एकट्या राहत. त्यांच्या गोमा नावाच्या यंत्रकुत्र्याची मान लुळी पडली होती.

"नवरा गेल्यापासून घरात मला ओळखणारा हा एकच," त्या म्हणाल्या. "विसरणार नाही ना मला?"

"आठवणी पोटातल्या कार्डात असतात, त्याला मी हात लावत नाही. मानेचं काम फक्त वळायचं."

"तुम्हा शिकलेल्यांचं बरं असतं. माझ्या गुडघ्यांना पाऊस माझ्याआधी कळतो. आणि याचं वय काय धरायचं हो आता?"

"कवच एकोणीस, पाय सहा, मान बसेल त्या दिवसाची. काढा तुम्हीच सरासरी."

देवळातला विधी दहा दिवसांवर होता. बाईंचा चेहरा पाहून नागुमोला तेवढं थांबवेना. बुद्ध काही घड्याळ लावून बसलेला नाही, असं स्वतःला समजावत त्याने कोहाकू नावाच्या निजलेल्या कुत्र्याची मान काढली. सोबतचं पत्र बंदच राहिलं.

गोमा उठला. बाईंकडे पाहताच कपाळावरचा दिवा हिरवा झाला. अनोळखी माणसाला तो निळा लागे. बाई रडल्या आणि दुसऱ्या दिवशी टोपलीभर पर्सिमनची फळं घेऊन आल्या.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "रोज चार दहाला दाराशी जाऊन बसतो. मान वर करून."

"घड्याळ बिघडलं असेल."

"दिवा हिरवा लागतो, नागुमोसान."

विधीच्या दिवशी नागुमोने देवळात पत्र उघडलं. तो ते वाचू लागला.

"आमची शिओरी चार दहाला शाळेतून यायची. कोहाकू दाराशी बसायचा. ती आजारात गेली, तरी तो अकरा वर्षं बसला. त्याच्यामुळे आम्ही तगलो. त्याचे उपकार फार. तो ज्यांच्या उपयोगी पडेल, त्यांचेही आभार."

कोहाकूचं कार्ड त्याच्या पोटातच होतं, समोरच्या पेटीत.

नागुमो हत्यारं घेऊन तडक बाईंकडे गेला. घाईत बूट कसेही भिरकावून आत शिरला आणि कमरेत वाकला. "चूक झाली माझी. आभार न मानताच घेतली. दुसरी मान बसवून देतो."

बाईंनी सगळं ऐकलं. चहा ओतला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला ओळखतोच की तो. आणि या घरात संध्याकाळी कुणाची तरी वाट पाहिली जाते, हे मला बरं वाटतं. खरंच बरं वाटतं."

चार दहा.

गोमा उठून दाराशी बसला. दार बंद होतं.

त्याने मान उचलली. मोठ्या माणसाच्या तोंडापर्यंत नव्हे, त्याहून खालपर्यंतच.

दिवा हिरवा झाला.

शेपटी हलू लागली. मग मान हळूहळू वळली, दारापासून नागुमोच्या बाजूने, आत चुलीपर्यंत.

नागुमोने दाराकडे तोंड करून राहिलेले आभार मानले. मनापासून. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

निघताना तो उंबऱ्याशी खाली पाहून थबकला. त्याचे बूट शेजारी शेजारी जुळवून ठेवलेले होते, टोकं दाराकडे.

"बूट लावायला तुम्ही उगाच वाकलात," तो म्हणाला.

"मी?" बाई आतून म्हणाल्या. "या गुडघ्यांनी?"