परक्या मापाचं काळीज

"लग्नाच्या पोरीनं हृदयाच्या दवाखान्यात जाऊन बसू नये, सरोज. लोक विचारत न्हाईत, ठरवून टाकतात," अक्का म्हणाली होती. मी हसले, वेणी घातली आणि राजारामपुरीला निघाले.

शहाऐंशी साल. डॉक्टर श्यामलाताईंकडे इकोचं यंत्र नवीनच आलं होतं. पडद्यावर हृदय हलताना दिसायचं. पण कुठलं माप ठीक म्हणायचं ते सांगणारं पुस्तक परदेशातल्या माणसांवरून बेतलेलं. म्हणून त्यांना आपल्याकडची धडधाकट माणसं मोजायची होती. कॉलेजातून मी गेले.

बाकावर आधीच एक जण होता. दाराएवढा रुंद, आणि हातात रुमालाचा बोळा. मी बसले तसा तो इतका सरकला, की पडायचाच बाकी राहिला. गडमुडशिंगीचा सयाजी. तालमीतून वस्तादांनी पाठवलेला.

"तुमाला काय झालंय?" त्यानं हळूच विचारलं.

"काहीच नाही. म्हणूनच आलेय."

"मग माझ्यागतच की… आई म्हणती, चांगला असून दवाखान्यात जातोय, ह्याच्या डोक्याचा फोटो काढा."

माझं माप पुस्तकापेक्षा लहान निघालं. त्याचं मात्र मोठं, भिंतही जाड. श्यामलाताई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. पुस्तकाच्या हिशेबानं हे हृदय आजारी होतं. पण पुस्तकातली माणसं पहाटे उठून जोर-बैठका मारणारी नव्हती. त्यांनी सरळ सांगितलं, तीन महिने तालीम बंद. मेहनतीनं वाढलं असेल तर उतरेल. नाही उतरलं, तर कुस्ती कायमची सोडायची आणि जपून राहायचं. तोवर तालमीतली बाकीची पोरंही मोजू.

तो पोरं आणायचा, मी मैत्रिणी. बाक तोच. कुस्तीवाचून त्याला हातांचं काय करावं कळत नव्हतं. तो माझी छत्री उघडायचा, मिटायचा.

"तुमचं लहान, माझं मोठं," एकदा छत्रीकडे बघत तो म्हणाला. "दोघांची सरासरी काढली तर पुस्तकात बसतंय की."

माझे कान तापले.

मधेच अक्काचं खरं झालं. जुळत आलेलं स्थळ मोडलं, पोरीला हृदयाचं काहीतरी आहे म्हणून. घर सुतकी. मी पोटभर जेवले.

शेवटच्या तपासणीला तो आत जायला उठला आणि थांबला. चेहरा पांढरा पडलेला.

"तुमाला एक विचारायचं हाय. पण निकाल लागल्यावर."

"मग मीच सांगते, आत्ता," मी म्हटलं. "माप काहीही निघू दे. मला तुमच्या शेजारी बसायचंय — जन्मभर. आणि तुम्ही सरकायचं नाही."

तो माझी छत्री हातात घेऊन आत गेला.

माप उतरलं होतं. तालमीतल्या पोरांची मापंही त्याच्या पहिल्या मापासारखीच निघाली होती. श्यामलाताई म्हणाल्या, आता आपल्या पैलवानांचा रकाना वेगळा.

पण लग्न झालं तरी रकान्यानं माझं समाधान होत नाही. दुपारी तो आडवा झाला, की मी त्याच्या छातीला कान लावते. तो डोळे न उघडता म्हणतो, "हाय की चालू."

रविवारी तो चालत जोतिबाला जायचाय. लेक अजून अंगावर पिते, मला जाता यायचं नाही. तुम्ही डोंगर चढत असाल आणि कुस्तीनं कान चुरगळलेला, आकाशी सदऱ्यातला माणूस दिसला, तर जरा थांबवा त्याला. दम लागलाय का, विचारा. मी सांगितलंय म्हणू नका.