साध्या तेलाची मुलं

"माझ्याकडे चोरी झालेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झाली असती तर सरळ पोलिसांकडे गेले असते. माझ्याकडे उलटं झालंय. जिथे औषध जायला नको होतं, तिथे ते पोचलंय."

वहिनींनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्या मन लावून ऐकत असल्याचं हे लक्षण होतं. खिडकीपाशी भावोजी भाजलेले शेंगदाणे सोलत बसले होते आणि तेही ऐकत असल्यासारखे दिसत होते.

नवऱ्याच्या माघारी त्याची तपाससंस्था वहिनींनी चालवायला घेतली, तेव्हा धाकटे दीर चार दिवस मदतीला म्हणून आले आणि कायमचे राहिले. गाडी झकास चालवायचे, कोणाशीही गोड बोलायचे. डोकं चालवण्याचं खातं मात्र त्यांनी वहिनींकडे सोपवलं होतं. गिऱ्हाइकांनाही या दोघांची हीच नावं ठाऊक होती.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. काही मुलांना फिट्स येतात आणि कुठल्याच गोळीने थांबत नाहीत. गांजाच्या झाडातून काढलेल्या एका औषधाने त्या थांबतात का, हे त्या तपासत होत्या. त्या औषधाने नशा येत नाही, पण गांजा म्हटलं की लोकांचे कान टवकारतात. सरकारने या संशोधनाला पैसे द्यावेत म्हणून त्यांनी कित्येक वर्षं उंबरठे झिजवले होते. पैसे मिळाले त्या दिवशी एका वर्तमानपत्राने मथळा दिला होता, ‘जनतेच्या पैशाने पोरांना गांजा’.

"निम्म्या मुलांना तेलात मिसळलेलं औषध देतो, निम्म्यांना नुसतं साधं तेल. रंग, वास, चव एकच. कोणाला काय मिळतंय हे पालकांना माहीत नाही, सिस्टरला नाही, मलाही नाही. ते फक्त बाटल्या भरणाऱ्या फार्मासिस्टला माहीत."

"आणि आकडे कोण बघतं?"

"पैसे देणाऱ्या सरकारी समितीचा बाहेरचा माणूस. त्याला गट नुसते ‘अ’ आणि ‘ब’ म्हणून कळतात. पहिले काही महिने दोन गटांत चांगला फरक होता, असं त्याने कळवलं. मग तो फरक पुसतच गेला. म्हणून मी सगळ्या मुलांचं रक्त तपासून घेतलं. सगळ्यांच्या रक्तात औषध आहे, वहिनी. थोडंथोडं, जवळपास सारखं. ज्यांना पूर्ण मिळायला हवं त्यांच्यात कमी, आणि ज्यांना मुळीच नको त्यांच्यातही तेवढंच."

"यात बिघडतं काय?" भावोजींनी विचारलं. "सगळ्यांनाच मिळालं की."

"समिती सोमवारी बसणार आहे. दोन्ही गट सारखे दिसले की औषधात दम नाही, असा शेरा पडेल. पुढच्या महिन्याच्या बाटल्या तेवढ्या मिळतील, मग पैसे बंद. आणि एकदा असा शेरा पडला की पुढची पंधरा-वीस वर्षं कोणी याला हात लावणार नाही."

भावोजींनी शेंगदाणा तोंडात टाकला. "मग सोपं आहे. माहिती एकालाच आहे ना? कुंपणच शेत खातंय."

---

ते डॉक्टरीणबाईंच्या संशोधनसंस्थेत पोचले तो दिवस बाटल्या वाटण्याचा होता. महिन्यातून एकदाच, एकाच दिवशी, सगळे पालक यायचे. मंजूर पैशांत इमारतीतली वेटिंग रूम एकच दिवस भाड्याने घेणं परवडत होतं.

फार्मासिस्ट ताठ्यात होता. शोधनिबंधावर त्याचं नाव घालायला समितीने नकार दिला होता, हे डॉक्टरीणबाईंनी गाडीतच सांगून ठेवलं होतं.

"माझ्या कपाटातल्या सीलबंद बाटल्या बाहेरच्या प्रयोगशाळेने तपासल्यात," तो म्हणाला. "साध्या त्या साध्या, औषधाच्या त्या औषधाच्या. थेंबाचा फरक नाही. उगाच चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका."

वहिनींनी कपाटात हात घातला. "इथे गारवा नाही. औषध थंड नाही ठेवत?"

"छे. फार थंडीत औषध तेलातून सुटतं, तळाशी पांढरं बसतं. सावली असली की पुरे."

वहिनींनी एक बाटली उचलून लेबल वाचलं. वर मुलाचा क्रमांक होता, खाली दोन ओळी: ‘वापरण्यापूर्वी हलवा. थंड जागी ठेवा.’

"तो मजकूर समितीचा," तो खांदे उडवत म्हणाला. "त्यांच्याकडे सगळ्या औषधांना तोच असतो. मी फक्त चिकटवतो."

सिस्टरच्या डोळ्यांना पाणी यायला फार कारण लागत नसे. बाटल्या पालकांच्या हाती देण्याचं आणि रिकाम्या परत घेण्याचं काम तिचं होतं.

"सील मी स्वतः बघून देते. रात्री झोपताना डोस द्यायचा, म्हणून सील घरी गेल्यावरच फोडायचं, हेही दर वेळी बजावते. तरी माणसं धांदरट ती धांदरटच. रिकाम्या बाटल्या परत येतात त्यांचं एक धड नसतं. बाटली बाराची, बूच सातचं. बूच विसाचं, बाटली तीनची. नंबर दोन्हीवर घालायचा नियम कशासाठी केला, कोण जाणे."

"पहिल्यापासून असंच?"

"नाही हो. सुरुवातीला सगळे शिस्तीत होते. मग सैलावले." तिने पदराने डोळे टिपले. "पण माणसं चांगली आहेत. लांबून येतात, बाटली घेतली की वेटिंग रूममध्ये बसून डबे खातात, एकमेकांच्या पोरांना सांभाळतात. मुलांना वारा लागू नये म्हणून दार लावून घेतात. मी पण जात नाही मग. कोणाला काय मिळतंय ते मला माहीत नाही तेच बरं. माहीत असतं तर माझ्या हातून काय झालं असतं, सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर भावोजी कुजबुजले, "ऐकलंत? खाई त्याला खवखवे."

"खवखव सगळ्यांनाच आहे, भावोजी. चला, बसू या जरा."

वेटिंग रूम जवळजवळ रिकामी झाली होती. मधोमध लांब टेबल होतं. भावोजींनी त्यावर ऐसपैस कोपर टेकले आणि पुडी उघडली. थोड्या वेळाने हात उचलला, तर शर्टाच्या बाहीवर भलामोठा तेलकट डाग.

"तुमचं खाणं," वहिनी म्हणाल्या.

"भाजलेल्या शेंगदाण्याला कुठलं तेल? टेबलच तसलं आहे." त्यांनी रुमालाने बाही चोळली, डाग आणखी पसरला.

कोपऱ्यात एक बाई उरली होती. मांडीवर पाचेक वर्षांची मुलगी झोपली होती, डोक्याला मऊ गादीची टोपी बांधलेली. सिस्टर त्या बाईला ताई आणि मुलीला छकुली म्हणायची, मग सगळेच पालक म्हणायला लागले होते. नुकतीच मुलीला फिट येऊन गेली होती. ती जागी झाल्याशिवाय निघता येत नव्हतं.

"छकुली ना?" वहिनी शेजारी बसल्या. "टोपी रोज लागते?"

"मध्ये सोडली होती. दीड-दोन महिने एक फिट आली नव्हती. शाळेत नाव घालायला निघाले होते मी." ताईंनी टोपीची नाडी सरळ केली. "आता परत येतात. पूर्वीइतक्या नाहीत."

"तेल वेळच्या वेळी देता?"

"चुकवत नाही. लेबलवर लिहिलंय तसं फ्रिजमध्ये ठेवते. आधी तळाला पांढरं बसायचं, खूप हलवावं लागायचं. हल्ली नाही बसत."

त्यांची पिशवी कलंडली आणि आजच मिळालेली बाटली जमिनीवर घरंगळली. ताईंनी चटकन उचलली, बूच फिरवून घट्ट केलं आणि परत ठेवली. वहिनींनी चष्मा काढला, पण पुसला नाही, हातातच धरून बसल्या.

मग त्या भावोजींना म्हणाल्या, "सगळ्यांना इथेच बोलवा. आणि दार लावून घ्या."

---

फार्मासिस्ट भिंतीला टेकून उभा राहिला. सिस्टर आणि डॉक्टरीणबाई टेबलाशी बसल्या. ताई कोपऱ्यातून हलल्या नाहीत. मुलगी अजून झोपलेली होती.

"मला हे सांगायला आवडत नाही," वहिनींनी सुरुवात केली. "एखादा लबाड सापडला असता तर बरं वाटलं असतं.

"कपाटातल्या बाटल्या बरोबर होत्या. सिस्टरने दिल्या तेव्हा सील शाबूत होतं. म्हणजे जे झालं ते बाटली हातात पडल्यानंतर. आता रक्त बघा. कोणी आपल्या लाडक्या पोराला चोरून औषध पाजलं असतं, तर एकाच्या रक्तात जास्त सापडलं असतं. इथे सगळ्यांच्यात सारखं आहे. म्हणजे कोणीतरी सगळं एकत्र ओतलं आणि सारखं वाटलं."

"पण कुठे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "ही माणसं कुठून कुठून येतात."

"बाराच्या बाटलीला सातचं बूच कधी लागतं? दोन घरं एकमेकांपासून कोसभर लांब असतील, तर कधीच नाही. सगळ्या बाटल्या एकाच वेळी, एकाच टेबलावर उघड्या असल्या, तरच. ते टेबल हे. भावोजींच्या बाहीला विचारा."

भावोजींनी बाही पाहिली आणि पहिल्यांदाच पुडी खिशात ठेवली.

"अहो, पण वाटायचं तरी कशाला?" फार्मासिस्ट म्हणाला. "औषध कुठल्या बाटलीत आहे हे त्यांना कळायचा मार्गच नाही."

"मार्ग तुम्हीच चिकटवलात. थंड जागी ठेवा. तुमच्या लेखी थंड म्हणजे सावली. घरी थंड म्हणजे फ्रिज. काहींच्या बाटलीत पांढरं बसलं, काहींच्या स्वच्छ राहिल्या. महिन्यातून एकदा सगळे एकत्र डबा खातात, बोलतात. ज्यांच्या बाटलीत पांढरं, त्यांचीच मुलं सुधारतायत, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही."

फार्मासिस्टचा चेहरा उतरला. तो भिंतीपासून सरकून खुर्चीवर बसला.

"मग साध्या तेलाच्या मुलांच्या आयांनी मागितलं असणार," सिस्टर म्हणाली. "बिचाऱ्या."

"मलाही आधी तसंच वाटलं. पण मागून कोण देतं? आपलं पोर बरं होत असताना त्याच्या तोंडचा घास कोण काढून देईल? हे सुरू करायला कोणीतरी औषध मिळणारीच लागते." वहिनींचा आवाज खाली आला. "जिच्या बाटलीत आधी पांढरं बसायचं आणि आता पातळ झाल्यामुळे बसत नाही. जिच्या मुलीची टोपी सुटली होती आणि परत बांधावी लागली. जिच्या पिशवीत आज सकाळीच सीलबंद दिलेली बाटली आहे, आणि तिचं बूच आत्ताच घट्ट करावं लागलं."

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. ताईंनी नाही म्हटलं नाही.

"शेजारच्या खुर्चीवर त्याची आई बसायची," त्या म्हणाल्या. "निळ्या स्वेटरच्या मुलाची. माझी छकुली या टेबलाभोवती पळत होती, आणि तो माझ्या पायाशी पडून झटके देत होता. दोघांच्या आया एकाच दाराने आत आलेल्या, एकसारखी बाटली घेऊन. ती मला म्हणाली, तुमचं नशीब चांगलं. मला घरी जाऊन जेवण गेलं नाही. पुढच्या महिन्यात मीच नरसाळं घेऊन आले. आधी आम्ही दोघीच होतो. मग बाकीच्या ज्यांना मिळत होतं त्यांना विचारलं. एकीनेही नाही म्हटलं नाही."

"आणि छकुलीला परत फिट्स यायला लागल्या तेव्हा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तेव्हा त्या मुलाच्या निम्म्या झाल्या होत्या. परत कशी मागू?"

सिस्टर रडत होती, पण या वेळी आवाज न करता.

डॉक्टरीणबाई उठल्या आणि ताईंच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांना रागवायचं होतं, पण राग येत नव्हता. "ताई, मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दोन गट वेगळे राहिले तरच औषध खरं ठरेल. खरं ठरलं की पुढच्या वर्षी सगळ्यांना, अगदी इथे न आलेल्या मुलांनाही, सरकारकडून मिळालं असतं. आता दोन्ही गट सारखे झाले. कागदावर तुमच्या औषधाने कोणालाच गुण आला नाही."

"पण आला ना. आम्ही डोळ्यांनी पाहिला."

"मीही पाहिला. पण समितीला तो दाखवता येणार नाही."

"मग त्यांना खरं सांगू," भावोजी मध्येच म्हणाले. "मिसळलं म्हणून सारखं झालं, इतकंच तर सांगायचंय."

"खरंच सांगणार आहे, दुसरं काय सांगणार? पण प्रयोग हातचा गेला असा त्याचा अर्थ होतो. सुरुवातीचे महिने पुराव्याला पुरे पडत नाहीत. वर सरकारी गांजा वाटेल त्याच्या हाती गेला, अशी बातमी होईल. पैसे लगेच बंद होतील, पुढच्या महिन्याच्या बाटल्यांसकट, आणि पुन्हा मागायला तोंड राहणार नाही." त्यांनी वहिनींकडे पाहिलं. "इकडे आड, तिकडे विहीर."

इथे चुकलेल्यांपैकी एकाच्याही मनात वाईट नव्हतं, हेच वहिनींना सहन होत नव्हतं.

मुलगी चुळबुळली. ताईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि पटकन म्हणाल्या, "माझी चूक आहे. बाकीच्यांचं नाव घेऊ नका. पुढच्या खेपेपासून मी शब्द देते, ज्याची त्याला. नरसाळं आणणारच नाही. निळ्या स्वेटरवालीलाही समजावते, ती ऐकेल माझं. पुढच्या महिन्यात किती वाजता येऊ?"

सिस्टरने मान फिरवली.

शेवटी वहिनी बोलल्या, कारण दुसरं कोणी बोलणार नव्हतं. "ताई, पुढच्या महिन्यात बाटली नसणार."

ताईंना कळायला वेळ लागला. मग त्यांनी पिशवी जवळ ओढली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. कोणीही ती मागितली नाही.

परत जाताना भावोजी सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "वहिनी, इतकं अचूक कोडं तुम्ही याआधी सोडवलं नव्हतं."

"हो," वहिनी म्हणाल्या. "नसतं सुटलं तर तिला आणखी एक महिना मिळाला असता."